कुलाब्याची सुई आणि सूर्याचा वारा

[नभोवाणीवरील भाषण]

तारीख २ सप्टेंबर १८५९, वार शुक्रवार. मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकाशीं असलेल्या कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेंत नित्याप्रमाणें काम चाललें होतें. तेथील निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून बसत; पण ही दुर्बीण आकाशाकडे वळविलेली नसे. ती त्याच खोलींत टांगलेल्या एका लोहचुंबकाकडे रोखलेली असे. चुंबक यत्किंचितहि हलला कीं दुर्बिणींतून दिसणारी मोजपट्टी सरके, आणि निरीक्षक तो आंकडा वहींत उतरून ठेवी. हें काम दर तासाला, रात्रंदिवस चाले. त्या दिवशीं सकाळीं साडेनऊच्या पुढें चुंबक एकाएकीं दचकला, आणि दोनप्रहर होण्यापूर्वींच आंकडे असे कोसळले कीं, तशी नोंद त्या वहींत पूर्वीं कधीं झाली नव्हती आणि नंतरहि आजतागायत झालेली नाहीं.

आपण म्हणाल, टांगलेला चुंबक हलला, यांत एवढें नवल तें काय? नवल असें कीं, त्याला हलविणारी शक्ति मुंबईंत नव्हती. किंबहुना तिचा उगम पृथ्वीवरच नव्हता. सूर्याकडून येणारा वारा आणि पृथ्वीचें चुंबकत्व यांची जेथें गांठ पडते, त्या हजारों कोस दूरच्या सीमेवर त्या दिवशीं मोठी धुमश्चक्री उडाली होती. तिचा हादरा कुलाब्याच्या चुंबकानें टिपला. त्या सीमेचा शोध लागावयास पुढें शंभर वर्षें जावीं लागलीं. म्हणजे कारण कळण्याच्या शंभर वर्षें आधीं कार्याची नोंद आपल्या मुंबईंत होऊन चुकली होती. ती कशी झाली, कशी टिकली, आणि एकदां विजेच्या ट्रामगाड्यांपायीं ती खंडित होण्याची वेळ आली असतां कोणीं व कशी वांचविली, ही हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली. हेतु व्यावहारिक होता. बंदरांत येणाऱ्या गलबतांना अचूक वेळ हवी असे, आणि ताऱ्यांच्या वेधांवांचून ती ठरत नसे. चुंबकाचें काम तेथें १८४१ सालीं सुरू झालें. त्यापूर्वीं जर्मनींतील गटिंगेन येथें गाउस आणि वेबर या दोन पंडितांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, पृथ्वीचें चुंबकत्व एका जागीं बसून कळणार नाहीं. तें ठिकठिकाणीं, ठरलेल्या एकाच वेळीं मोजलें पाहिजे. इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं ही कल्पना उचलून धरली. त्यांच्या आग्रहावरून कंपनीनें मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई येथें हीं निरीक्षणें हातीं घेतलीं. मुंबईचें काम एल्फिन्स्टन विद्यालयांतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांजकडे आलें. सिमला आणि सिंगापूर येथील निरीक्षणें थोड्याच वर्षांत थांबलीं. मुंबईचीं मात्र थांबलीं नाहींत.

या वेधशाळेच्या आरंभींच्या इतिहासांत दोन मराठी नांवें येतात, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांजकडे कांहीं काळ तिचा कारभार होता. दुसरें नांव केरो लक्ष्मण छत्रे यांचें. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागांवचे. ऑर्लेबारसाहेबांनीं या कोंवळ्या वयाच्या विद्यार्थ्याची गणिती बुद्धि हेरली आणि त्यास आपला साहाय्यक म्हणून वेधशाळेंत घेतलें. सुमारें दहा वर्षें केरूनानांनीं तेथें काम केलें. पुढें ते पुण्यास गणिताचे अध्यापक झाले. १८६० सालीं त्यांनीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि डेक्कन कॉलेजांत लोकमान्य टिळकांना गणित शिकविण्याचा मान त्यांजकडे गेला. श्रोत्यांनीं नागांवचें नांव मात्र लक्षांत ठेवावें; कारण पुढें आपणांस अलिबागेकडेच जावयाचें आहे.

आतां पुन्हां १८५९ सालाकडे वळूं. मुंबईंत चुंबक दचकला त्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १ सप्टेंबर रोजीं, इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन नांवाचे ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत होते. तेथील घड्याळांत सकाळचे ११ वाजून १८ मिनिटें झालीं असतां डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यांना दोन झगझगीत पांढरे ठिपके दिसले. पांच मिनिटांत ते मावळले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेंहि स्वतंत्रपणें तोच चमत्कार पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळलें. ध्रुवप्रदेशांत दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या. अमेरिकेंत तर कांहीं तारमास्तरांनीं बॅटऱ्या सोडून देऊन केवळ आकाशांतून उतरलेल्या त्या विजेवर निरोप पाठविले.

या वादळाची मोजदाद करण्याच्या कामीं एक विलक्षण गोष्ट घडली. लंडनजवळच्या क्यू येथील वेधशाळेंत त्या वेळीं चुंबकाची हालचाल छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत असे. यंत्र उत्तम होतें. पण वादळ इतकें मोठें झालें कीं प्रकाशाची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास त्या काळीं असें यंत्र नव्हतें. तेथें माणूस होता. तासागणिक नोंद करण्याचा परिपाठ असला, तरी चुंबक अस्वस्थ झाला कीं पाव तासानें, आणि फारच चंचल झाला कीं पांच-पांच मिनिटांनीं आंकडा घ्यावा, असा तेथील शिरस्ता होता. तो त्या दिवशीं पाळला गेला. आडव्या चुंबकीय बलांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट झाली, असें त्या आंकड्यांवरून निघतें. मुंबईच्या एकंदर आडव्या बलाच्या मानानें ही शेंकडा चार घट होय. ऐकावयास अल्प, परंतु साधारण दिवसांत हें बल शेंकडा पाव हिश्श्यानेंहि हलत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिचा भयंकरपणा कळून येतो.

सूर्यावरची चमक आणि पृथ्वीवरचें वादळ यांचा संबंध आहे कीं काय? कॅरिंग्टन सावध गृहस्थ होते. एका उदाहरणावरून त्यांनीं सिद्धान्त बांधला नाहीं. सूर्यावर डाग वाढले म्हणजे पृथ्वीवरील चुंबकीय गडबडहि वाढते, हें १८५२ सालींच सॅबाइन यांनीं दाखविलें होतें. तरी १८९२ सालीं लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें हा संबंध साफ नाकारला. त्यांचें गणित असें होतें कीं, आठ तासांचें एक मध्यम प्रतीचें वादळ जर सूर्याच्या चुंबकीय लहरींनीं उठत असेल, तर तेवढ्यासाठीं सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी शक्ति खर्चावी लागेल. गणितांत चूक नव्हती. चूक गृहीतांत होती. सूर्य सर्व दिशांना केवळ चुंबकीय लहरी धाडतो असें केल्व्हिननीं धरलें. वस्तुतः सूर्य स्वतःचें द्रव्यच फेंकीत असतो, आणि तें आपल्याबरोबर शक्ति व चुंबकत्व दोन्हीं वाहून आणतें.

हें द्रव्य म्हणजे प्लाझ्मा. घन, द्रव आणि वायु या तीन अवस्था आपण शाळेंत शिकतों. मीहि अनेक वर्षें त्याच शिकविल्या. वायु फार तापला म्हणजे त्याचे अणु फुटून विद्युत्-भारित कण मोकळे होतात. ही चौथी अवस्था. आपल्याकडील परिभाषाकारांनीं तिला आयनद्रायु असें नांव दिलें आहे. सूर्याच्या भोंवतालचा प्लाझ्मा सर्व दिशांना अखंड वाहत असतो, असें यूजीन पार्कर यांनीं १९५८ सालीं गणितानें दाखविलें, आणि पुढें अवकाशयानांनीं त्याचा पडताळा दिला. यालाच सौर वारा म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारें ४०० किलोमीटर असतो. पण तो इतका विरळ कीं, साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेंत त्याचे पांच-दहाच कण सांपडावे.

आतां हा वारा पृथ्वीपाशीं येतो तेव्हां काय होतें? गोदावरीला पूर आला म्हणजे पुलाच्या खांबापाशीं उभें राहून पाहावें. पाणी खांबाला थेट भिडून सरळ पुढें जात नाहीं. खांबाच्या अलीकडेच तें फुगतें, खळबळतें आणि दोहों बाजूंनीं वळसा घेऊन जातें. पृथ्वीचें चुंबकत्व हाच येथें खांब. सौर वारा त्याच्यांत सहसा शिरूं शकत नाहीं. त्याच्याभोंवतीं वळून जातो. सिडनी चॅपमन आणि त्यांचे शिष्य फेरारो यांनीं १९३१ च्या सुमारास असेंच भाकित केलें होतें कीं, सूर्याकडून येणारा कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकत्वाला चोहोंकडून दाबील आणि त्यास एका पोकळींत कोंडील. ही पोकळी म्हणजे पृथ्वीचें चुंबकावरण. सूर्याच्या बाजूला तिची सीमा पृथ्वीपासून सुमारें ६५ हजार किलोमीटरांवर असते.

परंतु सौर वारा नदीच्या पाण्यापेक्षां फार वेगवान आहे. पुढें अडथळा आहे ही वर्दी मागल्या कणांस पोंचण्यापूर्वींच ते येऊन थडकतात. त्यामुळें सीमेच्याहि पुढें, पृथ्वीपासून सुमारें ९० हजार किलोमीटरांवर, धनुष्याच्या आकाराचा एक धक्का-पडदा उभा राहतो. या पडद्यापाशीं वाऱ्याचा वेग एकदम मंदावतो, तो दाटतो आणि तापतो. दाटी चौपटीच्या आसपास जाऊं शकते. उष्णता दहा लक्ष अंशांच्या घरांत, क्वचित् त्याहूनहि पुढें जाते. हा धक्का-पडदा आणि ती चुंबकीय सीमा यांच्यामधला जो पट्टा, त्याला पाश्चात्य शास्त्रांत मॅग्नेटोशीथ म्हणतात. तलवारीभोंवतीं म्यान असावें तसा तो चुंबकावरणाभोंवतीं असतो. म्हणून आपण त्यास चुंबकीय म्यान म्हणूं.

हें म्यान मोठें चमत्कारिक आहे. आपल्या हवेंत धक्का उत्पन्न होतो तो कण एकमेकांवर आपटून. येथें कण इतके विरळ आहेत कीं त्यांची टक्कर जवळजवळ होतच नाहीं. तरी धक्का बसतो. कण ज्याला अडखळतात तें विद्युत् आणि चुंबकीय बल होय. म्यानांतला प्लाझ्मा क्षणभरहि शांत नसतो. त्यांत भोंवरे उठतात, लहरी उसळतात, चुंबकीय रेषा सीमेभोंवतीं चापून बसलेल्या असतात. सौर वाऱ्यांतून जें कांहीं पृथ्वीच्या दाराशीं येतें, तें आधीं या म्यानांतून चाळून, कांडून, तापून येतें. म्हणून पृथ्वीवरील चुंबकीय वादळाची उपपत्ति सांगावयाची तर म्यानाचें वर्तन समजल्यावांचून गत्यंतर नाहीं. १९६१ सालीं सोडलेल्या एक्सप्लोरर-१२ या अमेरिकन उपग्रहानें चुंबकीय सीमा अनेक वेळां ओलांडून ती खरोखरीच आहे असें सिद्ध केलें. धक्का-पडदा असलाच पाहिजे असें १९६२ सालीं ॲक्सफर्ड आणि केलॉग यांनीं स्वतंत्रपणें सांगितलें, आणि १९६३ च्या अखेरीस सोडलेल्या दुसऱ्या एका उपग्रहानें तोहि दाखवून दिला.

हें ज्ञान हातीं घेऊन कुलाब्याची जुनी वही उघडली म्हणजे ती वाचतां येऊं लागते. वादळाच्या आरंभीं चुंबकाचें बल एकदम वाढलें होतें. तोच तो दचका. सूर्यानें फेंकलेला प्रचंड लोट येऊन आदळला, म्यान दबलें, सीमा पृथ्वीकडे ढकलली गेली, आणि सीमेवरून वाहणारा विद्युत्प्रवाह बळावला, त्याची ही खूण. त्यानंतर बल कोसळलें. लोटांतील चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे असली, तर सीमेवर दोहोंच्या रेषा तुटून एकमेकींत सांधल्या जातात. दार उघडतें आणि शक्ति आंत शिरते. मग पृथ्वीभोंवतीं भारित कणांचा एक कंकणाकार प्रवाह बळावतो आणि भूपृष्ठावरील आडवें बल घटतें. १८५९ च्या घटीपैकीं किती भाग या कंकणाचा आणि किती अन्य प्रवाहांचा, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. कुलाब्याच्या आंकड्याला आजच्या तासांच्या सरासरीच्या मापानें मोजावें, तर तो बराच लहान होतो असेंहि कित्येकांनीं दाखविलें आहे. पण वाद घालावयाचा तर आंकडे असावे लागतात. आणि त्या दिवसाचा विषुववृत्ताजवळचा संपूर्ण आलेख म्हणून विद्वान् वारंवार कुलाब्याच्या वहीकडेच वळतात.

इतर ग्रहांनाहि हें म्यान आहे, आणि प्रत्येकाचें निराळें. गुरूचें चुंबकत्व एवढें बलवान् कीं, त्याची सीमा सौर वाऱ्याच्या जोराप्रमाणें लक्षावधि किलोमीटर पुढें-मागें होते. १९७९ सालीं व्हॉयेजर यानें तेथें पोंचलीं, तेव्हां तो धक्का-पडदा त्यांच्या अंगावरून एकदांच नव्हे, अनेकदां गेला. बुधाचें चुंबकत्व दुबळें, म्हणून त्याचें म्यान अगदीं पृष्ठाशीं लगटलेलें. शुक्र आणि मंगळ यांना सर्व ग्रहाला पुरेल असें चुंबकत्वच नाहीं. तेथें वातावरणाच्या वरच्या थरांतील भारित कणच वाऱ्याला अडवितात, आणि अडवितां अडवितां थोडथोडे त्याच्याबरोबर वाहून जातात. मंगळाची हवा विरळ होण्यास हेंहि एक कारण झालें, असें शास्त्रज्ञ सांगतात. यावरून आपल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची योग्यता कळावी.

आतां आपण ट्रामांकडे येऊं. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामा १८७४ सालीं सुरू झाल्या. त्यांच्यापासून चुंबकाला उपद्रव नव्हता. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या विजेवर चालविण्याचा बेत ठरला. विजेच्या ट्रामेला प्रवाह वरच्या तारेंतून मिळतो आणि तो रुळांतून परत जातो. रुळांतील कांहीं प्रवाह जमिनींत झिरपतो, आणि जेथें प्रवाह तेथें चुंबकत्व हें ठरलेलेंच. ट्राम सुटली, थांबली, पुन्हां सुटली, कीं कुलाब्याचा चुंबक हलणार. आणि हा हिसका सूर्याचा कीं ट्रामेचा, हें कोणास सांगतां येणार नाहीं.

त्या वेळीं वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. हे पारशी विद्वान् १८९६ सालीं त्या पदावर आलेले पहिले भारतीय. आणि योगायोग असा कीं, यांचा जन्महि १८५९ सालचाच. त्यांच्यापुढें मोठा पेंच होता. शहराला ट्रामा हव्या होत्या, आणि तें वाजवीहि होतें. हजारों माणसांची रोजची पायपीट एका चुंबकासाठीं चालूं ठेवा, असें कोण म्हणेल? दुसऱ्या बाजूला साठ वर्षांची अखंड नोंद होती. ती खंडित झाली तर पुन्हां जोडतां येणारी नव्हती. गेलेला पैसा मिळवितां येतो. न घेतलेलें निरीक्षण मागाहून घेतां येत नाहीं.

मूस यांनीं ट्रामांशीं भांडण मांडलें नाहीं. त्यांनीं चुंबकासाठीं नवें घर शोधलें. खाडीपलीकडे, मुंबईपासून सुमारें ३० किलोमीटरांवर, अलिबाग येथें समुद्रकांठीं त्यांनीं जागा निवडली. तेथें समोर समुद्रांत आंग्र्यांचा कुलाबा किल्ला उभा आहे, आणि त्यावरूनच त्या जिल्ह्यालाहि १९८१ पर्यंत कुलाबा हेंच नांव होतें. म्हणजे कुलाब्याचा चुंबक एका अर्थानें कुलाब्यासच गेला. इमारतीसाठीं पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यांत चुंबकाला बाधक असें कांहीं नसतें. चुंबकाच्या खोलींत दिवसरात्रीच्या उन्हा-थंडीचा फरक पोंचूं नये अशी बांधणी केली. केरूनानांचें नागांव येथून हाकेच्या अंतरावर. पण तें पाहावयास केरूनाना नव्हते. ते १८८४ सालींच निवर्तले होते.

या स्थलांतरांतील खरें शहाणपण इमारतींत नाहीं, तें पुढील गोष्टींत आहे. १९०४ सालीं अलिबागचें काम सुरू झाल्यावर मूस यांनीं कुलाब्याचें काम तत्काळ बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें चालविलीं. आपल्याकडे खळ्यांत नवी पायली आणली म्हणजे जाणता शेतकरी आधीं तेंच धान्य जुन्या पायलीनें आणि नव्या पायलीनें मोजून पाहतो; मग जुनी टाकतो. त्याप्रमाणें दोन ठिकाणच्या मापांतील अंतर काय, हें पक्कें ठरल्यावरच कुलाब्याचा चुंबक विसांवला. विजेची पहिली ट्राम मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं धांवली. तोंवर सांधा पक्का बसला होता. म्हणून आज १८४० च्या दशकापासून आतांपर्यंतची ही नोंद एका सूत्रांत वाचतां येते. जगांत अशा दीर्घ मालिका फार थोड्या आहेत. श्रोतेहो, ज्या ट्रामांमुळें चुंबकाला देशांतर करावें लागलें, त्यांतील शेवटची ३१ मार्च १९६४ रोजीं धांवली. मुंबईच्या ट्रामा गेल्या. अलिबागचा चुंबक अजून आपलें काम करीत आहे.

मूस एवढ्यावर थांबले नाहींत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचीं निरीक्षणें त्यांनीं शोधून, ताडून, विवेचनासह दोन भागांत १९१० सालीं प्रसिद्ध केलीं. अशा ग्रंथाला वाचक किती मिळणार? त्यांत आंकड्यांच्या रांगाच रांगा. परंतु २००३ सालीं अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्सालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना व शोभना ॲलेक्स यांनीं कुलाब्याच्या जुन्या नोंदी धुंडाळून १८५९ च्या वादळावर निबंध लिहिला, आणि तो जगभर गाजला. कोपऱ्यांत पडलेल्या वहीला एकशें चव्वेचाळीस वर्षांनीं वाचक लाभले, आणि ते सर्व जगांतून आले.

कोणी विचारील, याचा आम्हां गृहस्थाश्रमी माणसांस उपयोग काय? १८५९ सालीं जगांत विजेच्या तारा म्हणजे केवळ तारायंत्राच्या होत्या. आज आमच्या पुंडलिकनगरांतील मुलगा क्रांति चौकाचा रस्ता भ्रमणध्वनीवरील नकाशांत पाहतो. तो नकाशा वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या संदेशांवर चालतो, आणि चुंबकीय वादळांत ते संदेश विस्कटतात. त्याहून उंच, विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटरांवर दळणवळणाचे उपग्रह आहेत. मोठ्या वादळांत चुंबकीय सीमा त्यांच्याहि आंत ढकलली जाते आणि ते उघड्यावर, म्हणजे त्या खवळलेल्या म्यानांत सांपडतात. १३ मार्च १९८९ रोजीं अशा वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पाडली. साठ लक्ष माणसें अंधारांत राहिलीं. तें वादळ १८५९ च्या मानानें लहान होतें. १० आणि ११ मे २०२४ रोजीं अलीकडच्या वीस वर्षांतील सर्वांत तीव्र वादळ झालें, तेव्हां लडाखांतील हान्ले येथून आकाशांतील तांबूस प्रभेचीं छायाचित्रें घेतां आलीं. कुलाब्याच्या वहींतल्यासारखें वादळ पुन्हां येणारच नाहीं, असें म्हणण्यास कांहींहि आधार नाहीं. किती मोठें येऊं शकतें, याचा अंदाज बांधण्यास मात्र ती वही आधार आहे.

यासाठींच आज सूर्याच्या वाटेवर पहारा बसला आहे. भारतानें आपलें ‘आदित्य-एल १’ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं सोडलें. कुलाब्याच्या वादळाचीच ती तारीख. तिला त्या दिवशीं एकशें चौसष्ट वर्षें पुरीं झालीं. ६ जानेवारी २०२४ रोजीं तें पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनें १५ लक्ष किलोमीटरांवर आपल्या जागीं पोंचलें. त्यावरील सूर्याचीं अतिनील छायाचित्रें घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली आहे. सौर वारा पृथ्वीपर्यंत पोंचण्याच्या सुमारें तासभर आधीं या यानास भेटतो. वादळी वारा त्याहूनहि लवकर येतो. तेवढीच सूचना. परंतु यान वाऱ्याची खबर देतें. त्या वाऱ्यानें म्यानांत आणि म्यानाच्या आंत काय केलें, हें अखेर जमिनीवरच्या चुंबकालाच विचारावें लागतें. म्हणून पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखालीं अलिबागची वेधशाळा चालूं आहे, आणि जपानांतील क्योतो येथें वादळाची तीव्रता दर मिनिटाला सांगणारा जो निर्देशांक काढतात, त्यासाठीं निवडलेल्या थोड्या वेधशाळांत आपल्या अलिबागचें नांव आहे.

मी शाळामास्तर. आमच्या शाळांत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाडजूड पुस्तक असे. मुलाचें नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस. नव्या शिक्षकाला तें भरण्याचा कंटाळा येई. पण साठ वर्षांनीं एखादा वृद्ध शाळेच्या दारांत येऊन उभा राही, आणि त्याच्या जन्मतारखेचा सगळ्या जगांत एकच पुरावा निघे. तो त्या पुस्तकांत. ज्यानें ती ओळ लिहिली, त्याला ही भेट ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. त्यानें त्या दिवसाचें काम त्या दिवशीं नीट केलें होतें, इतकेंच.

कुलाब्याच्या निरीक्षकांचेंहि तसेंच झालें. सौर वारा, प्लाझ्मा, चुंबकीय म्यान, यांतला एकहि शब्द त्यांच्या कानांवर आलेला नव्हता. आपण काय मोजीत आहों, याचें पुरें ज्ञान त्यांस नव्हतें. पण मोजलें पाहिजे, आणि खरें मोजलें पाहिजे, एवढें त्यांस पक्कें ठाऊक होतें. मूस यांना सांधा राखण्याची बुद्धि झाली, तीहि याच निष्ठेंतून. आपल्या देशांत जुनीं दप्तरें, जुन्या वह्या, पावसाचे, नदीच्या पुराचे, पिकांचे जुने आंकडे गांवोगांव आहेत. त्यांपैकीं कांहींना वाळवी लागली आहे, कांहीं रद्दींत चालले आहेत. कोणता आंकडा उद्यां कोणत्या प्रश्नाचें उत्तर ठरेल, हें आज सांगतां येत नाहीं. म्हणून ज्यांच्या हातीं असें कांहीं असेल त्यांनीं तें जपावें, आणि ज्यांजकडे नोंद ठेवण्याचें काम असेल त्यांनीं तें एक दिवसहि चुकवूं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.